महिन्यातून तीनदा

माझी पाळी २००४ च्या संक्रांतीनंतर थांबली ती कायमची. आमच्या घरात मात्र ती पुढं वर्षभर चालू राहिली, आणि शेवटी शेवटी तर महिन्यातून तीनदा येऊ लागली.

यात दैवी काही नाही. मी खोटं बोलत होते. आता माझी साठी जवळ आली आहे आणि कोण काय म्हणेल याची फिकीर उरलेली नाही, म्हणून सगळं सांगते.

इंदिरानगरात आमचं छोटं रो हाऊस आहे आणि पुढच्या खोलीत पिठाची गिरणी. आमचे हे, म्हणजे सोमनाथ, सिंचन खात्यात कारकून होते. त्यांचा दिवस फायलींच्या धुळीत जायचा, माझा पिठाच्या. गव्हाचा डबा उचलायचा, गिरणीच्या तोंडात रिकामा करायचा, पीठ भरून ठेवायचं, की पुढचा डबा. धाकट्या अमितच्या बाळंतपणापासून मला एक दुखणं लागलं होतं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून त्याला दुखणं तरी कसं म्हणायचं. डबा उचलला की लघवी निसटायची. खोकले की निसटायची, मोठ्यानं हसले की निसटायची. आधी थेंबभर, मग चमचाभर, आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर साडी बदलावी लागेल इतकी. बरं, पिठाच्या गिरणीत उभी राहून शिंकत नाही अशी बाई अजून जन्माला यायची आहे. जुन्या सुती साडीच्या घड्या करून मी आत बांधायचे आणि दिवसातून चार वेळा बदलायचे.

यांना एकदा सांगून पाहिलं होतं. म्हणाले, "पाणी कमी पीत जा." सरकारी नोकरीमुळं यांच्याकडं कुठल्याही गोष्टीवर एका ओळीचा शेरा तयार असायचा. फाईल तिथंच बंद झाली.

सासूबाई, धोंडाबाई, सासरे गेल्यावर ९८ साली येवल्याजवळच्या गावाहून आमच्याकडं राहायला आल्या. आल्या त्या आपले देव आणि आपले नियम बरोबर घेऊनच. बाईला अडचण आली की पाच दिवस मागच्या खोलीत. वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. स्वयंपाकघरात पाऊल नाही, देवाकडं नजर नाही, गिरणीला हात नाही. मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, इथं शेजारीपाजारी कुणी पाळत नाही." तर म्हणाल्या, "आपण शहरात आलो म्हणून देव शहरी व्हत नाय."

पहिलं खोटं मी २००२ च्या नवरात्रात बोलले. घट बसले होते. मी पाण्याची कळशी घेऊन वाकले आणि ऐन घटापुढं मला शिंक आली. पायापर्यंत ओघळ गेला. सासूबाई हातभर अंतरावर माळ बांधत बसलेल्या. त्या मान वर करायच्या आत मी म्हणाले, "आत्याबाई, मला अडचण आली."

त्या लगेच मागं सरकल्या आणि मागच्या खोलीकडं बोट दाखवलं. एक प्रश्न विचारला नाही. हे एवढंच वाक्य, पण त्यानं सगळ्या चौकशा बंद होतात, हे मला त्या दिवशी कळलं. पाच दिवस डबे सासूबाईंनी उचलले, शिंका त्यांनी दिल्या. मी मागच्या खोलीत कोरड्या कपड्यांत बसून राहिले, आणि खरं सांगायचं तर लग्नानंतर पहिल्यांदाच दुपारची झोपले.

एकदा चटक लागल्यावर माणूस थांबतं होय? वणीच्या गडावर जायचं ठरलं, पाचशे पायऱ्या चढायच्या, मला अडचण आली. लग्नाला मनमाडपर्यंत जीपमध्ये चेंगरून जायचं, मला अडचण आली. थंडीत खोकला झाला, मला अडचण आली. पुढं खरी पाळी गेली, तेव्हा मी कुणाला अवाक्षर बोलले नाही. चालतं दुकान कोण बंद करतं?

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी सणवार, कुळधर्म, पाहुणे यांचा मेळ बसवायला त्या माझे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर काजळाच्या ठिपक्यांनी मांडून ठेवायच्या. २००५ च्या फेब्रुवारीत एका रात्री जेवताना त्यांनी ते कॅलेंडर काढून यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"मोज," म्हणाल्या.

यांनी मोजलं. जानेवारीत पंधरा ठिपके.

"हिला अंगावरून जातंय," सासूबाई म्हणाल्या. "ह्या वयात अशा जाण्यानं बाई हातची जाती. आपल्या झुंबरलाबी असंच व्हायचं. महिन्यातनं दोन-दोनदा बाजूला बसायची. अठ्ठ्याहत्तर साली मीच तिला मनमाडला नेलं आन् पिशवी काढून घेतली. तवापासनं एक दिस बाजूला बसली नाय. ठणठणीत हाय."

झुंबरबाई म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, तेव्हा गावात त्यांच्या शेजारीच राहायची. पिशवी काढल्यावर बाई बाजूला बसेलच कशाला, यातली गंमत तेव्हा आमच्यापैकी कुणालाच दिसली नाही. यांनी कॅलेंडर गंभीरपणे परत केलं आणि शेरा दिला, "डॉक्टरला दाखवून घ्या."

डॉक्टरांचं नाव सांगत नाही, कारण त्यांची फारशी चूक नव्हती. सासूबाई कॅलेंडर पिशवीत घालून घेऊन गेल्या होत्या. डॉक्टर विचारत होते, त्या ठिपके दाखवत होत्या, मी दोघांच्या मधे कारल्यासारखं तोंड करून बसले होते. सोनोग्राफीत पिशवीला एक छोटी गाठ दिसली. तशी गाठ निम्म्या बायकांना असते म्हणतात, पण ठिपके आणि गाठ यांचं लग्न लागायला वेळ लागला नाही. डॉक्टर म्हणाले, "मुलंबाळं झाली आहेत, वय झालंय, पिशवी ठेवून करायचंय काय?" पुढच्या मंगळवारी ऑपरेशन ठरलं.

मी तोंड का उघडलं नाही, हे आजही कुणी विचारतं. एक तर तीन वर्षांचं खोटं एका दमात कसं ओकायचं? दुसरं म्हणजे त्या घटापुढं काय झालं होतं, हे सासूबाईंना सांगायची माझी छाती नव्हती. आणि तिसरी गोष्ट जरा मूर्खपणाची आहे. आमच्या गावाकडं म्हणतात की पिशवी खाली आली की लघवी गळते. मला वाटलं, पिशवी जाईल तसं गळणंही जाईल. खोटंही झाकलं जाईल आणि कपडेही कोरडे राहतील. म्हणून मी एक धडधाकट अवयव कापून द्यायला तयार झाले होते.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांत लघवीत जंतू निघाले. मला शनिवारी मूत्रविकारांच्या डॉक्टरांकडं पाठवलं, डॉ. सरिता गांगुर्डे. त्या दिवशी सासूबाई बरोबर नव्हत्या. ऑपरेशनला मदत म्हणून येवल्याहून झुंबरमावशी एस.टी.नं येणार होत्या, त्यांना आणायला सासूबाई आणि हे स्टँडवर गेले होते. जन्मात पहिल्यांदा मी डॉक्टरपुढं एकटी बसले.

"शेवटची पाळी कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तिशी-पस्तिशीची पोरगी, पण नजर पक्की.

"परवाच आलीय," मी म्हणाले. सवयीनं जीभ घसरली.

त्यांनी टेबलावर झोपायला सांगितलं, तपासलं आणि म्हणाल्या, "जरा खोका." मी हळूच खोकले. "नीट खोका, बाई." मी नीट खोकले, आणि जे व्हायचं ते झालं. मी डोळे मिटून घेतले. लाजेनं मेले असते तर बरं असं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात कापूस दिला आणि हात धुता धुता म्हणाल्या, "परवा पाळी आली म्हणता, आणि रक्ताचा डाग नाही. हे किती वर्षांपासून आहे?"

इतक्या साध्या शब्दांत मला कुणी विचारलंच नव्हतं. मी उठून बसले आणि सगळं सांगून टाकलं. शिंका, डबे, घट, ठिपके. त्या एकदाही हसल्या नाहीत. फक्त पुन्हापुन्हा विचारलं, "वर्षभरात खरंच एकदाही रक्त गेलेलं नाही?" कारण बंद झाल्यावर गेलं तर ते गंभीर असतं. मी अमितची शपथ घेतली.

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. लघवीच्या नळीला खालून आधार असतो, तो बाळंतपणात सैल पडतो. खोकल्यानं, वजनानं पोटात दाब आला की नळी मिटत नाही. "पिशवी काढून हे थांबणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी तीन महिने व्यायाम करा. लघवी रोखून धरतो तसे स्नायू आवळायचे आणि सोडायचे. तेवढ्यानं भागलं नाही, तर जाळीची बोटभर रुंद पट्टी नळीखालून घालतात. लहान मुलाला झोळी बांधतो ना, तशी. एरवी सैल, दाब आला की तोलून धरते."

"आणि मंगळवार?"

"त्या डॉक्टरांना मी फोन करते. घरी मात्र तुम्हाला सांगावं लागेल."

घरी आले तर झुंबरमावशी येऊन बसल्या होत्या. सत्तावन्न वर्षांच्या, किडकिडीत, कमी बोलणाऱ्या. मावशी कुणाकडं फारशा जात नसत. गेल्या तरी गादीवर बसत नसत, दाराशी जमिनीवर बसत आणि जेवणाआधीच परत निघत. मी त्यांना मानी समजायचे.

रविवारी दुपारी आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. सासूबाई दवाखान्यात न्यायची पिशवी भरत होत्या, मावशी मेथी निवडत होत्या. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "आत्याबाई, मंगळवारी मी जाणार नाही."

"भ्यालीस व्हय? झुंबरला इचार. काय बी व्हत नाय."

"भ्याले नाही. मला रक्त जातच नाही. वर्ष झालं पाळी बंद होऊन."

सासूबाईंचा हात पिशवीतच राहिला. "मंग ते ठिपके?"

"खोटे."

आणि मग मी उरलेलं सांगितलं. मधे कुठं थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं, म्हणून न थांबता सांगितलं. नवरात्राचंही सांगितलं. सासूबाई माझ्याकडं टक लावून बघत होत्या. आता देवाचं काढतील, अन्नपाणी सोडतील, गावी निघून जातील, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

"रगत नाय?" त्यांनी विचारलं. "एक थेंब बी नाय?"

"नाही."

त्या पिशवी बाजूला सारून खाली बसल्या. "पंधरा दिस झोप नाय मला," म्हणाल्या. "मला वाटलं तू जातीस. भवाने, सांगायला काय झालं व्हतं तुला?"

मला रडू आलं आणि रागही आला. राग आधी बाहेर पडला. "तुम्ही विचारलंत कधी? माझ्यावर ठिपके मांडलेत तेवढे."

यावर घरात एरवी महाभारत झालं असतं. पण तेवढ्यात झुंबरमावशी मेथीच्या जुडीवरची नजर न काढता म्हणाल्या, "आक्का, मीबी खोटंच बोलले व्हते."

सासूबाईंना आधी कळलंच नाही. "कवा?"

"तवाच. रगत कुठं जात व्हतं मला? नवसाच्या बाळंतपणापासनं हेच चाललं व्हतं, हिच्यासारखं. इहिरीवरनं हंडा आणला की लुगडं भिजायचं. तू म्हणायची, आज परत गं? मी म्हणायचे, व्हय आक्का, परत."

"आन् पिशवी काढल्यावर?"

"थांबलं कुठं? उलटं बाजूला बसायचं निमित्तबी गेलं. मंग मी कुठं जायचंच सोडलं."

एवढं बोलून मावशींनी मेथीची पुढची जुडी सोडली. नवसा ही त्यांची एकुलती मुलगी. पिशवी काढली तेव्हा मावशी तिशीच्या होत्या आणि नवसा चार वर्षांची. सासूबाई उठल्या, कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि गिरणीच्या खोलीत जाऊन बसल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मावशी सोमवारी सकाळच्या गाडीनं येवल्याला परत गेल्या. थांबा म्हणायला तोंड कुणाला होतं?

मंगळवारचं ऑपरेशन रद्द झालं. मी तीन महिने इमानदारीनं व्यायाम केला. थोडा फरक पडला, पण डबा उचलला की तेच. जुलैत डॉ. गांगुर्डेंनी पट्टी घातली. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, मी जागी होते. अर्ध्या तासात झालं. दुसऱ्या दिवशी लघवीसाठी घातलेली रबरी नळी काढली तर लघवी अडकली. इतकी वर्षं थांब म्हटलं तर थांबत नव्हती, आता ये म्हटलं तर येईना. पुन्हा एक दिवस नळी ठेवली, मग सुरळीत झालं. डॉक्टरीणबाईंनी खोकायला सांगितलं. मी खोकले, मोठ्यानं खोकले, मग उभी राहून खोकले. काही नाही. घड्यांचं सुती कापड मी घरी जाऊन टाकून दिलं. आजही कधीकधी घाईची लागते, पण ते वेगळं, त्याला माणूस पळू शकतो.

दीड महिना वजन उचलायला बंदी होती. डबे सासूबाई उचलत होत्या, अडुसष्टाव्या वर्षी. एकदा म्हटलं, "गडी लावू." म्हणाल्या, "उचलू दे मला." कॅलेंडरही भिंतीवर पुन्हा लागलं नाही.

गणपती झाल्यावर सासूबाई एकट्या एस.टी.नं येवल्याला गेल्या आणि तिसऱ्या दिवशी झुंबरमावशींना घेऊन आल्या. वाटेत दोघी बहिणी काय बोलल्या, का काही बोलल्याच नाहीत, मला माहीत नाही. मला एवढंच म्हणाल्या, "तुझ्या डॉक्टरणीकडं हिला दाखवायचंय."

दवाखान्यात नर्सनं हाक मारली, "झुंबरबाई." सासूबाई सवयीनं उठल्या. दाराशी पोचल्या, थांबल्या, आणि परत येऊन बाकावर बसल्या. "तू जा," बहिणीला म्हणाल्या. "तुझं तू सांग."

मावशी आत गेल्या. घड्याळात पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास झाला. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तिला पोरगा पायजे व्हता. नाव पण ठरवून ठेवलं व्हतं. आमच्या आज्याचं, चिमाजी." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला.

मावशी बाहेर आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. बाकावर आमच्या मधे बसल्या.

"व्हतं म्हणती," त्या म्हणाल्या. "पिशवी नसली तरी झोळी बसती. आधी तपासण्या करायच्या." मग म्हणाल्या, "इचारत व्हती, पिशवी का काढली. मी म्हणलं, मीच खोटं बोलले म्हणून."

"नाय," सासूबाई म्हणाल्या. "तुला तिथं इचारलं कुणी व्हतं? त्या डॉक्टरनं मला इचारलं. सांगितलं मी. तू माझ्या मागं उभी व्हतीस."

झुंबरमावशी कुणाचं मन मोडणाऱ्या नव्हत्या. मला वाटलं, जाऊ दे आक्का, असं काहीतरी म्हणतील. त्यांनी बहिणीकडं वळून पाहिलं.

"व्हय आक्का," त्या म्हणाल्या. "तूच सांगितलंस."

सत्तावीस वर्षांत त्यांनी आक्काला दिलेला हा पहिला दोष होता, आणि सासूबाईंनी तो मान खाली घालून घेतला.